नेपल्सच्या बंदरात तेरची आठवण

मे महिना लागला की आदिलाबादची हवा अंगाला चटके देते. पैनगंगा आटते आणि पावसाळ्यात ज्याच्यासाठी गाड्या भरभरून माणसे येतात, तो कुंटाला धबधबाही नुसता काळा कातळ होऊन बसतो. अशाच एका उन्हाळ्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, आमचे हे, मुलगा आणि सासूबाई, भूमध्य समुद्रावर आठवडाभराच्या जहाजसफरीला गेलो. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिकिटे त्यानेच काढली. "आजीला घेऊन या, नाहीतर येऊच नका," अशी अटही घातली.

सासूबाईंचे वय ७४. माहेर बिदरचे. घरात आमच्याशी मराठी, माहेरच्यांशी कन्नड, भाजीवाल्याशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी. चार भाषांत भांडणारी ही बाई! पण सासरे गेल्यापासून घराबाहेर पडणेच त्यांनी सोडले होते. जहाजावर तर त्या पार मुक्या झाल्या. "इथे माझी एकही भाषा चालत नाही गं. मी खोलीतच बरी," असे म्हणून त्या काचेतून समुद्र बघत बसायच्या.

जहाजसफरीची गंमत अशी की रात्री जहाज चालते आणि सकाळी नवे बंदर दारात येते. संध्याकाळी ठरल्या वेळेच्या आत परत चढायचे. जहाज कुणासाठी थांबत नाही. म्हणजे एका शहराला मिळतात जेमतेम आठ-नऊ तास. सगळे बघायला गेलात तर काहीच बघून होत नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो.

सफर बार्सिलोनाहून सुरू झाली. तिथे सग्रादा फमिलिया हे चर्च पाहिले. त्याचे काम १८८२ साली सुरू झाले. त्याचा शिल्पकार गौदी १९२६ साली वारला, तरी त्याच्या मागे काम चालूच राहिले. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे पसरतात. आमच्या सागवानाच्या रानाचीच आठवण झाली. सासूबाई तेवढ्या एकदा आल्या, पण पाय दुखतात म्हणून लवकर परतल्या.

पुढचे बंदर मार्सेल. मराठी माणसाला हे नाव शाळेपासून ठाऊक असते. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून समुद्रात उडी घेतली ती इथेच. पोहत ते धक्क्याला लागले, पण फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. ते प्रकरण पुढे हेगच्या लवादापर्यंत गेले. टेकडीवरच्या चर्चपाशी उभे राहिलो, तर खाली लाल कौलारू छपरेच छपरे. १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली ती प्रसिद्ध मंगळुरी कौले या मार्सेलच्या कौलांच्याच जातीची. मी मोबाइलवर फोटो काढून सासूबाईंना दाखवला. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या बिदरच्या वाड्यावर हीच होती." पण जहाजातून काही उतरल्या नाहीत.

जिनोव्हालाही तेच. बंदरातला लांतेर्ना नावाचा जुना, उंच दीपस्तंभ त्यांनी खोलीतूनच पाहिला. मुलाचा चेहरा उतरला. "आजीला आणून मी चूक केली का?" असे त्याने मला विचारले. मला उत्तर सुचले नाही.

मग आले नेपल्स. समोर व्हेसुव्हियस. इसवी सन ७९ मध्ये याच डोंगराने पाँपेई हे अख्खे गाव राखेखाली गाडले. सगळ्यांना पाँपेईच बघायचे होते. पण मी घरून निघतानाच एक गोष्ट वाचून ठेवली होती. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. मी सासूबाईंजवळ बसले आणि म्हटले, "अत्ती, इथे आपल्याकडची एक बाई आहे. दोन हजार वर्षे झाली, माहेरी गेलेली नाही. भेटायला येता का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून चपला शोधू लागल्या.

बंदराजवळच्या मुनिचिपियो स्थानकावरून भुयारी रेल्वेने तिसरे स्थानक म्हणजे म्युझिओ. वर आले की समोरच संग्रहालय. (मंगळवारी ते बंद असते, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) पाँपेईतल्या भिंतीवरची चित्रे, रंगीत दगडांच्या फरशा, सगळे ओलांडून एका वेगळ्या छोट्या दालनात गेलो. काचेआड ती उभी होती. उंची असेल वीतभर. मनगटापासून वरपर्यंत बांगड्याच बांगड्या, पायांत पोटरीपर्यंत वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दोन दासी. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी असे अभ्यासक म्हणतात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी मानतात.

सासूबाईंनी काचेला जवळजवळ नाक लावले. आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "ईकी नम्माकी!" ही तर आपली! पहारेकरी बाईने वळून पाहिले. सासूबाईंना त्याची शुद्ध नव्हती. "अगं, पंढरपूरला जाताना तेरला उतरलो होतो, आठवतं? गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं, मग तुझ्या सासऱ्यांनी ते म्युझियम दाखवलं. तिथे अशीच होती. हेच डोळे, हेच वाळे."

त्यांचे खरे होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात अशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही या जातीची मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती नेमकी कुठे कोरली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून कुणी वायव्य भारताकडे बोट दाखवतात, तर कुणी आपल्या दख्खनकडे. पण तेरचा माल समुद्रापार जात होता, हे नक्की. सातवाहन काळात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे तेर, आणि पैठण ही दोन्ही नावे येतात. तिथून गाड्यांनी भडोचच्या बंदरात माल जाई आणि तगरच्या मालात मुख्य होते सुती कापड! तांबड्या समुद्रातून इजिप्तपर्यंत, पुढे अलेक्झांड्रियाहून नेपल्सशेजारच्या पोझुओलीला. ते त्या काळचे रोमचे मोठे बंदर. कापसाच्या बाजारात वाढलेल्या आम्हा आदिलाबादकरांना हे ऐकून उगाच छाती फुगल्यासारखी वाटली.

"उटनूरच्या बाजारातल्या लंबाडी बाया अशाच हातभर बांगड्या घालतात," सासूबाई मुलाला सांगत होत्या. मग बिदरचे, तेरचे, सासऱ्यांचे असे किती बोलल्या! तीन वर्षांत सासऱ्यांचे नाव त्यांनी एवढ्या मोकळेपणी घेतले नव्हते. यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

पाँपेई राहून गेले. त्याचे कुणालाच वाईट वाटले नाही. बाहेर पडल्यावर सासूबाईंनी हाताच्या खुणांनी लिंबाचे सरबत मागवले, पैसे मोजून दिले आणि दुकानदाराला कन्नडमध्ये "भाळ छलो" म्हणाल्या. तो हसला. त्याला कळले असावे.

आदिलाबादला परतलो तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. शेजारणी विचारायला आल्या, "काय काय पाहिलंत?" सासूबाईंनी चर्च सांगितले नाही, समुद्र सांगितला नाही. त्या बाईचीच गोष्ट सांगितली, तीही चारही भाषांत. आणि रात्री जेवताना म्हणाल्या, "यंदा नातवाला सुट्टी मिळाली की तेरला जाऊ. तिची बहीण तिथे आहे. तिलाही निरोप सांगायला हवा."