आपली साखर, माझी साखर

मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद तुम्ही व्याकरणात शिकला आहात. ऐकणाऱ्याला वगळते ते ‘आम्ही’, त्याला सामावून घेते ते ‘आपण’. हिंदीत हा भेद नाही. आपल्या सोलापुरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत मात्र तो आहे. एखाद्या घरात हा भेद केवढे ओझे वाहतो, हे मला धाकट्या बहिणीच्या घरी उमगले.

तिच्या मुलीला सातव्या वर्षी पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. तरीही ‘लहानपणी फार लाड केले’ हे वाक्य बहिणीने कितीदा ऐकले असेल! या वाक्यात कर्ता नाही, हे तुमच्या लक्षात आले का? कर्ता गाळला की आरोप कोणावर, हे सांगावे लागत नाही. ऐकणारी आपणहून मान खाली घालते. इन्सुलिन नव्हते तेव्हा असे मूल एक-दोन वर्षांहून अधिक क्वचितच जगे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि मरणाचा हा आजार रोजच्या जगण्याचा झाला.

रोजचा म्हणजे किती रोजचा? जेवणांआधी तीन आणि रात्री एक अशा चार सुया. दर वेळी बोट टोचून रक्ताचा थेंब. भाकरी अर्धी की पाऊण, याचा हिशेब. रात्री तीनचा गजर, कारण झोपेत साखर ७०च्या खाली उतरली तर मुलीला ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात पारा ४०च्या पुढे सरकला आणि वीज गेली, की इन्सुलिनची कुपी ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात.

या साऱ्यात बहिणीची भाषा अशी असे : ‘आपल्याला आता सुई घ्यायचीय’, ‘आज आपली साखर २१० आली’. सुई एकीलाच टोचली जाई; सर्वनामाने मात्र ती दोघींत वाटून घेतली होती. (मेहुणे या ‘आपण’मध्ये उशिरा आले, पण आले, रविवारच्या सुया तेच देतात.) डॉक्टरांसमोर त्याच ‘आपण’चे ‘आम्ही’ होई : ‘आम्ही सगळं पाळतो.’ त्या ‘आम्ही’बाहेर डॉक्टर राहत, आणि रात्रीचे तीनही.

मधुमेहाच्या उपचारांविषयीचे समाधान मोजण्यासाठी क्लेअर ब्रॅडली यांनी तयार केलेली एक प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. प्रश्न आठ, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. साधन उपयुक्त आहे. मला चिंता वाटते ती शब्दाची. मराठीत ‘समाधान असणे’ वेगळे आणि ‘समाधान मानणे’ वेगळे. ‘उपचारांबाबत समाधानी आहात का?’ असे विचारले, तर बहीण ‘हो’ म्हणेल. ती मानलेले सांगेल, असलेले नव्हे. ‘रात्रभर सलग झोप शेवटची कधी झाली?’ असे विचारून पाहा, उत्तर निराळे येईल. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या तुमच्यापैकी काहींच्या हाती उद्या अशी प्रश्नावली येऊ शकते, म्हणून हे सांगते.

संक्रांतीला ओळखीच्या बायका तिळगूळ देताना ‘हिला नको हं, हिला शुगर आहे’ म्हणून हात मागे घेत. वस्तुतः इन्सुलिनचा हिशेब जमवून ती तिळगूळ खाऊ शकते. साखर घसरली तर तीन चमचे साखर हेच तिचे औषध. पण तिला लागे ते वेगळेच. ‘गोड बोला’ हे वाक्यही तिच्या वाट्याला येत नसे.

आता ती चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षी सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात पाळण्याच्या रांगेत उभी असताना तिने पिशवीतून मीटर काढला. बहिणीने सवयीने विचारले, ‘आपली किती आली?’

‘माझी १३२,’ ती म्हणाली. ‘आणि आई, आज रात्री तू झोप. गजर मी लावते.’

बहीण काही बोलली नाही. त्या घरात आता रात्री तीन वाजता दोन गजर होतात.