कुकरची रिंग

परवा सकाळी धाकटी ओरडली, "आई, कुकरच्या बाजूनं वाफ जातेय!" आम्ही ऑफिसच्या घाईत. "गप्प बस, होईल शिट्टी," म्हणालो. शिट्टी झालीच नाही. भात खाली करपला, वर कच्चाच राहिला. रबरी रिंग कडक झाली होती.

बसमध्ये चॅलेंजर यान आठवले. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते नष्ट झाले, सात अंतराळवीर गेले. मूळ दोष रॉकेटच्या सांध्यातील रबरी रिंगचाच! थंडीत रबर कडक होते, उड्डाण नको, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. वरिष्ठांनी ऐकले नाही.

आम्ही संगणक विभाग सांभाळतो. नुकताच लागलेला एक मुलगा आठवड्यापूर्वी म्हणाला होता, "मॅडम, बॅकअप रोज घेतो, पण तो उघडतो का, ते कुणी पाहिलंय?" आम्ही ते हसण्यावारी नेले होते. त्या दिवशी पोहोचताच त्याला तपासायला बसवले. दोन महिन्यांचा बॅकअप उघडेना! सगळ्यांच्या पगाराचा हिशेब त्यात. मूळ नोंदी शाबूत होत्या, म्हणून निभावले.

बंधू-भगिनींनो, हाताखालच्याने धोका सांगितला, तर आधी ऐकावे, मग हवे तर रागवावे. संध्याकाळी आम्ही धाकटीची माफी मागितली. नवी रिंग तिनेच बसवली.