मुद्दा सोडून

प्राध्यापकाच्या हयातीत किती लाल शाई खर्ची पडते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मीही ठेवला नाही. ३१ वर्षे इतिहास शिकवला, हजारो उत्तरपत्रिका तपासल्या आणि शेरे मारून विसरून गेलो. पण एका उत्तरपत्रिकेवरचे दोनच शब्द अलीकडे माझी पाठ सोडीनात. ते शब्द होते : 'मुद्दा सोडून'.

साल १९८७. बी.ए.च्या शेवटच्या वर्गाला मी अमेरिकेचा इतिहास शिकवीत असे. माझ्या टिपणांना कॉलेजात भाव होता. यादवी युद्धाची माझी सहा कारणे तर पाठच्या भावंडांसाठी जपून ठेवली जात. आणि त्यांत मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला भाग म्हणजे तडजोडींचा. एखाद्या मोठ्या वाड्यातले जाणते कर्ते पुरुष भांडणाऱ्या भावांना कसे सांभाळून घेतात, त्या थाटात मी तो रंगवून सांगत असे.

१८१९ मध्ये गुलामीची अकरा राज्ये आणि गुलामी नसलेली अकरा राज्ये, असा काटा अगदी समतोल होता. मिसुरी हे गुलामीचे राज्य म्हणून आत येऊ लागताच तो कलला. मग १८२० मध्ये मेन हे मुक्त राज्य दुसऱ्या पारड्यात टाकले आणि पश्चिमेकडच्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशावर एक रेघ ओढली. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली चालेल! १८५० मध्ये पुन्हा बखेडा. कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत घेतले आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांना पकडण्याचा एक कडक कायदा दिला. "पहा," मी म्हणत असे, "या शहाण्या माणसांनी युद्ध चाळीस वर्षे लांबवले!"

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वसतिगृहात राहणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"सर, ही तडजोड कुणाकुणात झाली?"

"उत्तर आणि दक्षिण यांच्यात. आत्ताच नाही का सांगितले?"

"मग ज्यांच्याबद्दल झाली, ते कुठल्या बाजूला बसले होते?"

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. म्हणालो, "परीक्षेला हे येत नाही. बैस खाली."

तिने मात्र परीक्षेत तेच लिहिले. सहा कारणांपैकी तिने दोनच दिली होती, आणि बाकी सारे पान पळून गेलेल्या गुलामांवर. मी दहापैकी चार गुण देऊन तो शेरा मारला. ती पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. तक्रार करायला नव्हे, तिने एवढेच विचारले, "सर, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केले, ते लोक आपल्या टिपणांत कुठे येतात?"

मला उत्तर आले नाही. प्राध्यापकाला उत्तर आले नाही म्हणजे तो काय करतो, हे वाचकांपैकी जे कॉलेजात गेले असतील त्यांना ठाऊकच आहे. मी म्हणालो, "ते मराठीच्या सरांना विचार."

मौज पहा, माझ्या टिपणांत 'आपल्याकडील परिणाम' असाही एक भाग होता. युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बेच्या शेअरांमागे शहर वेडे झाले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले, हे मी तपशिलाने सांगत असे. कापसाच्या गासड्या मला दिसत होत्या. तिकडे तो कापूस वेचणारे हात तेवढे दिसले नव्हते.

निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत जाण्याचा योग आला. त्याचे बिऱ्हाड सिनसिनाटी शहरात. मुलगा-सून सकाळी कामावर जात, नात शाळेत. मग मी कानटोपी घालून ओहायो नदीकाठी फिरायला जाई. नदी आपल्या कृष्णेसारखीच संथ. पलीकडचा काठ म्हणजे केंटकी राज्य. युद्ध संपल्यावर पुरा झालेला एक झुलता पूल आहे, त्यावरून म्हातारा माणूससुद्धा रमतगमत पलीकडे जाऊन जेवणाच्या वेळेला घरी परततो. पण युद्धापूर्वी हीच नदी म्हणजे ती रेघ होती. या काठाला माणूस, त्या काठाला मालमत्ता!

काठावरच एक संग्रहालय आहे. केंटकीतून उचलून आणलेली एक लाकडी कोठी तिथे उभी केली आहे. विक्रीला न्यायचे गुलाम तिच्यात कोंडून ठेवीत. त्या कोठीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. मार्गारेट गार्नर हे नाव माझ्या आयुष्यात खऱ्या अर्थाने शिरले ते याच शहरात.

१८५६ चा जानेवारी. थंडीने नदी गोठली होती. मार्गारेट, तिचा नवरा, सासूसासरे आणि चार मुले रात्री बर्फावरून चालत या काठाला आली आणि एका नातलगाच्या घरी थांबली. काही तासांतच मालक आणि सरकारी शिपाई यांनी घराला वेढा दिला. आता सुटका नाही असे दिसताच मार्गारेटने सुरी उचलली आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. गुलामीत परत जाऊ देण्यापेक्षा हे बरे, असे त्या आईला वाटले.

आणि मग वाद सुरू झाला. ओहायो राज्याची माणसे म्हणत, हिच्यावर खुनाचा खटला चालवू द्या. हे ऐकायला क्रूर वाटते. पण खुनाचा आरोप माणसावरच ठेवता येतो, वस्तूवर नाही. मालक म्हणे, माझी मालमत्ता मला द्या. १८५० चा कायदा मालकाच्या बाजूने होता. तिला परत पाठवण्यात आले, आणि १८५८ मध्ये ती विषमज्वराने वारली.

तो कायदा मी कितीदा शिकवला होता! पण तडजोडीतले एक कलम म्हणून. त्याची कलमे सावकाश वाचली ती आता. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मनाई होती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला गुलाम परत पाठवला तर दहा डॉलर फी, सोडला तर पाच! आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. 'ते कुठल्या बाजूला बसले होते' असे त्या मुलीने विचारले होते. त्यांना बसायला जागा तर नव्हतीच. तोंड उघडायचीही बंदी होती.

पण पाय होते. आणि साऱ्या तडजोडी मोडल्या त्या या पायांनी. तोवर उत्तरेकडच्या सामान्य संसारी माणसाला गुलामी ही दूरची गोष्ट होती. आता ती त्याच्या दारात आली. व्हर्जिनियातून पळालेला अँथनी बर्न्स १८५४ मध्ये बॉस्टनला पकडला गेला, तेव्हा त्याला जहाजावर चढवायला रस्त्याच्या दुतर्फा सैन्य उभे करावे लागले. लोकांनी घरादुकानांवर काळी कापडे टांगली. कालपर्यंत आपल्या धंद्यापाण्यात असलेली माणसे त्या दिवसापासून दक्षिणेकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. उत्तरेतल्या अनेक राज्यांनी पळालेल्यांच्या रक्षणासाठी कायदे केले. दक्षिणेला तो विश्वासघात वाटला. एका काठाला जो धर्म, तोच दुसऱ्या काठाला गुन्हा झाला. एका देशात दोन देश तयार झाले ते असे, घराघरांच्या उंबरठ्यावर.

१८६० च्या डिसेंबरात साउथ कॅरोलायना सर्वांआधी संघराज्यातून बाहेर पडले. त्याची कारणे सांगणारे जाहीरपत्रक त्यांनी काढले. माझी सहा कारणे हाताशी धरून मी ते पुन्हा वाचले. त्यातली मोठी तक्रार हीच, की उत्तरेकडची राज्ये आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत! म्हणजे ज्यांना कोणी विचारले नव्हते, जे चाळीस लाखांच्या घरात होते, त्यांतल्या थोड्याशा लोकांनी रात्री-अपरात्री नद्या ओलांडल्या आणि शहाण्यांनी ओढलेल्या रेघा पुसून टाकल्या. सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेणारे युद्ध लांबले होते खरे, पण ती चाळीस वर्षे कोणाच्या पाठीवर काढली गेली, हे मी कधी मोजलेच नव्हते.

इतिहासाचा हा धडा मी घरातही तपासून पाहू लागलो आहे. चार वडीलधारी माणसे बसून एखादा प्रश्न गोडीगुलाबीने मिटवतात तेव्हा, ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे तो या खोलीत आहे की नाही, हे मी आता आधी पाहतो. पुष्कळदा तो नसतो. मार्गारेटचे दुःख आणि आपले संसारातले तंटे यांची तुलना करण्याचे पाप मी करणार नाही. पण न विचारण्याची सवय मात्र ओळखीची वाटते.

ती मुलगी आज कुठे असेल, मला ठाऊक नाही. पन्नाशी ओलांडून गेली असेल. कुठेतरी शिकवीतही असेल. दिवाळी अंक वाचायची सवय असेल तर हे तिच्या नजरेस पडावे, एवढ्यासाठी लिहिले. तिचे ते दहा गुणांचे उत्तर तिने मुद्द्यालाच धरून लिहिले होते. मुद्दा सोडून होती ती माझी टिपणे. आता गुण वाढवून देणे माझ्या हाती नाही. तो शेरा तेवढा मी तिच्या पानावरून उचलून माझ्या पानावर ठेवीत आहे.