नजर पुढे, बोटं मागे

मी आस्थापना शाखेत लागले तेव्हा परिपत्रकं स्टेन्सिलवर कापली जायची. रिबन बाजूला सारायची आणि टाइपरायटरच्या ठशांनी थेट मेणकागदच कापायचा. ठोका हलका पडला तर अक्षर पुसट. जोराचा पडला तर ‘व’च्या पोटातला गोल गळून जायचा आणि सायक्लोस्टाइलच्या प्रत्येक प्रतीवर काळा ठिपका यायचा. चुकलेल्या अक्षरावर ब्रशनं लाल लिक्विड लावायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा ठोका. कुठल्या बोटानं किती जोर लावायचा, हे तेव्हा करंगळीलासुद्धा ठाऊक होतं.

आता पर्समधलं नाणं रुपयाचं की दोन रुपयांचं, ते नुसतं चाचपून कळत नाही. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येतं आणि तिथेच अडतं. वयाबरोबर बोटांच्या टोकाशी स्पर्श टिपणारी सूक्ष्म केंद्रं कमी होत जातात, मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. म्हातारी माणसं पेला गरजेपेक्षा घट्ट धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण सगळंच उतरणीला लागत नाही. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षं वयाच्या टंकलेखकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खूण दिसताच बटण दाबायच्या चाचणीत वयस्क मंडळी मागे पडली, सलग मजकूर टाइप करताना मात्र नाही. त्यांची नजर तरुणांपेक्षा अधिक अक्षरं पुढे धावत होती. बोटांचा मंदपणा ती भरून काढत होती.

हे वाचलं आणि मला आमचं मराठी मशीन आठवलं. त्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. पुढचं अक्षर आधीच वाचलेलं नसेल, तर हात जागीच थांबायचा. पुढे पाहायची ती सवय आमच्या अंगात अशी मुरली. कॉम्प्युटरवरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. तिथे हीच मुरलेली सवय आडवी येते आणि नातीच्या वयाची मुलं सहज पुढे निघून जातात. ही भरपाई वर्षानुवर्षांच्या सरावाच्या कामातच मिळते, नव्या कामात नाही. म्हणूनच सरावाचं काम हातातून सुटू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. “राहू द्या आई, मी करते,” हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण निवडणं, टिपणं, शिवणं असं एकेक काम त्यापायी हातावेगळं होत जातं.

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त अजून मीच टाइप करते. मुलानं कॉम्प्युटरवर जुन्या मशीनसारखा रेमिंग्टन कीबोर्ड बसवून दिलाय. सेक्रेटरी सुचवतात, की फोनवर बोलून मजकूर उमटवा, वेळ वाचेल. मी त्यांच्याकडून कच्चं टिपण मागून घेते आणि स्टँडला लावते.