हलकें जूं

आमच्या बीड जिल्ह्यांतील शेतकरी नवा गोऱ्हा शिकवितांना त्यास पहिल्याच दिवशीं जड नांगरास जुंपीत नाहीं. जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीस तो त्याला हलक्या कामास लावितो, आणि मान जुंवास सरावली म्हणजे मगच ओझें वाढवितो. हें शहाणपण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलें, त्याच घरांतील मुलाच्या हातीं पंधराव्या वर्षीं मोटारसायकल दिली जाते, याचें आम्हांस नवल वाटे. पुढें त्या दोषांत आमचाहि वाटा निघाला.

कांहीं वर्षांपूर्वीं दहावीच्या वर्गांतील आमचा एक विद्यार्थी घरच्या शंभर सी. सी. च्या गाडीवरून शाळेस येत असे. त्याचे आईबाप ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत गेलेले. घरीं तो व त्याची आजी. किराणा, दळण, आजीचें औषध, सारें त्या गाडीवर चाले. एके सायंकाळीं आमची एस. टी. चुकण्याची वेळ आली. फाटकाशीं तो उभा होता. "बसा सर, सोडतो तुम्हाला," असें तो म्हणाला, आणि आम्ही बसलों. वाहतुकीच्या नियमांवर मुलांकडून निबंध लिहवून घेणारे आम्ही, बोडक्या डोक्याच्या मुलामागें बोडक्या डोक्यानेंच बसून स्थानकावर पोहोंचलों, आणि वर त्यास शाबासकी दिली.

महिन्याभरांत मांजरसुंब्याचा घाट उतरतांना तो पडला. पेट्रोल वाचावें म्हणून त्यानें गाडी न्यूट्रलमध्यें सोडली होती. वळणावर मागचा ब्रेक जोरानें दाबतांच चाक घसरलें. जीव वांचला, ही देवाची दया. परंतु पाय मोडला आणि परीक्षा हुकली. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां आजीनें चहा पुढें ठेविला व शांतपणें म्हटलें, "सर, तुमी बी बसला व्हता म्हनं त्याच्या मागं. मला वाटलं, सरच बसल्यात तर पोरगं नीट चालवीत आसंल."

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. लहानांस अडखळण होणाऱ्याविषयीं प्रभूनें दिलेली ताकीद आम्ही प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां वाचून दाखविली होती. त्या दिवशीं ती आम्हांस प्रथम ऐकूं आली.

आम्हांस तोंवर सायकलीपलीकडे कांहीं चालवितां येत नव्हतें. जें स्वतःस ठाऊक नाहीं तें मुलांना काय सांगावें? म्हणून चाळिशी उलटल्यावर शिकाऊ परवाना काढून, एका स्नेह्याच्या जुन्या गाडीवर पटांगणांत धडे घेऊं लागलों. इंजिन वारंवार बंद पडे आणि मुलें पोट धरून हंसत. पण त्या हंशांतच आम्हांस समजत गेलें कीं, इंजिनाचा जोर ठराविक फेऱ्यांतच लागतो. पहिला गिअर वेग थोडा देतो पण ओढ अधिक देतो. आणि क्लच हळूहळू सोडणें म्हणजे इंजिन व चाक यांची धीरानें ओळख करून देणें. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्यें असली म्हणजे इंजिनच चाकास मागें धरतें. न्यूट्रलमध्यें उतरणारा तो धरणारा हात आपणच झिडकारतो. ब्रेक लावतांच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून एकट्या मागच्या ब्रेकवर विसंबूं नये. दोन्ही मिळून क्रमानें आवळावे. ताशीं ६० किलोमीटर वेगांत एका सेकंदांत गाडी सुमारें १७ मीटर पुढें जाते, तीहि हात ब्रेकवर पोहोंचण्यापूर्वीं. आणि वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें.

नवशिक्यास लहान इंजिन बरें, तें यासाठीं कीं मूठ चुकून अधिक पिळली गेली तरी तें एकदम उसळी घेत नाहीं. १९५८ सालीं जपानांत होंडा कंपनीनें ५० सी. सी. ची 'सुपर कब' काढली. तिला तीन गिअर होते, पण क्लच आपोआप चाले, त्यामुळें नवख्यासही ती वश होई. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे १९७२ त बिनगिअरची ५० सी. सी. ची 'लूना' आली, आणि १९८५ त चार गिअरची, ९७.२ सी. सी. ची 'हिरो होंडा सी. डी. १००'. पुढें शंभर सी. सी. ची गाडी खेड्यांतील घराचा दुसरा बैलच झाली. तथापि लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आमचा विद्यार्थी अशाच गाडीवरून पडला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरच्या अशा गाडीस अठरा वर्षें पुरीं लागतात. सोळाव्या वर्षीं पालकांच्या संमतीनें मिळते ती मुभा केवळ ५० सी. सी. पर्यंतची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकांस किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं.

पालकहो, दंडाचें भय दाखवून आमचें काम संपलें असें आम्ही मानीत नाहीं. घरीं वडीलधारें माणूस नसतां औषध आणावयाचें कोणीं, हा प्रश्न कायद्यानें सुटत नाहीं. म्हणून ऊसतोडीच्या हंगामाआधीं आम्ही अशा घरांची यादी करतों, आणि औषधाची चिठ्ठी मुलानें शाळेंत आम्हांपाशीं द्यावी असें सांगून ठेवतों. औषध आम्ही आमच्या गाडीवरून आणतों. काम लहान आहे, पण तें आमच्या वाट्याचें आहे.

तो मुलगा पुढच्या वर्षीं परीक्षा उत्तीर्ण झाला. अठरा वर्षें पुरीं झाल्यावर रीतसर शिकून, पक्का परवाना घेऊन तो दाखवावयास आला. हातांत दोन हेल्मेट होतीं. एक पुढें करून म्हणाला, "सर, आतां बसतां का? मांजरसुंब्याला जाऊन येऊं."

आम्ही बसलों. परततांना, घाट उतरूं लागण्यापूर्वींच, त्यानें गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घेतली. आम्ही कांहीं सांगितलें नव्हतें.