माणदेशातील एक डाग आणि त्याचा हिशेब

सातारा जिल्ह्याचा नकाशा पाहिला की एकाच जिल्ह्यात निसर्गाने केवढा पक्षपात केला आहे, हे ध्यानात येते. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक 'यंदा बरे झाले' म्हणतात. दहिवडी हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि म्हसवड ही मोठी बाजारपेठ. माणगंगा नदीच्या खोऱ्यातील हा भाग, त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा पट्टा, असा सारा मुलूख लोकांच्या तोंडी 'माणदेश' म्हणूनच आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे मराठी वाचकाला तो परिचित आहे. मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहणारे थोडेच.

गेल्या जानेवारीत आम्हा उभयतांना दहिगावच्या श्री महावीर मंदिराचे दर्शन घ्यावयाचे होते. सांगलीहून तासगाव, विटा, मायणी, दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूर आणि तेथून नातेपुतेमार्गे दहिगाव असा मार्ग मुद्दाम निवडला. रस्ता लांबचा, पण निवृत्त माणसाला अंतराची घाई नसते. आमची गाडी अकरा वर्षांची. यंत्र उत्तम स्थितीत, रंग थोडा उतरलेला.

मायणी ओलांडल्यावर एका टपरीवर चहासाठी थांबलो. गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित उभी होती. तेवढ्यात उसाची रिकामी ट्रॉली वळवून घेणाऱ्या एका ट्रॅक्टरचा मागचा लोखंडी कोपरा आमच्या पुढच्या बंपरला अडकला आणि वीतभर चीर पाडून गेला. चालक खाली उतरला, हात जोडून उभा राहिला. पोरसवदा मुलगा, रोजंदारीवरचा. त्याच्याकडून काय वसूल करणार? दिवा शाबूत होता, रेडिएटरला धक्का नव्हता, बंपरच्या आतील लोखंडी पट्टी सरळ होती. मात्र फाटलेला तुकडा चाकाला घासू लागला होता. टपरीवाल्याने बारीक तार दिली, ती ओवून तुकडा बांधला आणि आम्ही पुढे निघालो.

पुण्याच्या चिरंजीवांना दूरध्वनी केला. त्यांचे उत्तर तत्काळ आले, "बाबा, नवा बसवून टाका. विमा कशासाठी भरता?"

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर पुढे आकड्यांनिशी देतो. कारण आपल्या व्यापारी घरांत दुकानाच्या टेंपोपासून सुनेच्या स्कूटरपर्यंत पाच-सहा वाहने असतात आणि असा प्रसंग वर्षातून एकदा तरी येतोच.

दहिवडी सोडल्यावर गोंदवले लागते. श्री ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधीमुळे तेथे भाविकांची सतत ये-जा असते. पुढे म्हसवड. सिद्धनाथाचे मंदिर, मार्गशीर्षातील रथयात्रा, घोंगड्यांचा बाजार ही या गावाची जुनी ओळख. गावाच्या पूर्वेला राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आहे. 1876-77 च्या भीषण दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून इंग्रज सरकारने तो हाती घेतला. आज त्याचे पाणी आणि काठ सातारा-सांगली सीमेवर पसरलेले आहेत.

या मुलखात पाण्याची साठवण ही प्रत्येक घराची चिंता. त्यामुळे प्लास्टिकच्या टाक्या, पिंपे, ठिबकच्या नळ्या घरोघरी दिसतात. उन्हाने टाकी तडकली तर फेकून देणे परवडत नाही. म्हणून तडकलेल्या टाक्या आणि खुर्च्या डाग देऊन सांधणारे कारागीर येथील बाजारात सापडतात. विचारपूस करीत आम्ही अशाच एकाच्या पालाशी पोहोचलो. चाळिशीचा गृहस्थ, समोर शेगडी, तापवलेल्या दोन सळया आणि बाजूला निरनिराळ्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा ढीग.

मी ढिगातला टाकीचा एक काळा तुकडा उचलून विचारले, "याचाच डाग द्याल का?"

तो हसला. "काका, टाकीचा तुकडा ह्याला धरायचा न्हाई. प्लास्टिकची जात एक असावी लागती. बंपरला बंपरच पायजे."

त्याने बंपरची आतली बाजू दाखवली. तेथे साच्यातच उमटलेली इंग्रजी अक्षरे होती : पीपी आणि ईपीडीएम. पहिले पॉलिप्रॉपिलीन, दुसरे त्याला लवचीकपणा देणारे रबर. बहुतेक मोटारींचे बंपर आज याच मिश्रणाचे असतात. पाण्याच्या टाक्या पॉलिइथिलीनच्या असतात. दोन्ही दिसायला सारखी, दोन्ही उष्णतेने वितळतात, पण एकमेकांत मिसळून एकजीव होत नाहीत. वरवर चिकटल्यासारखे दिसते आणि पहिल्या खड्ड्याला सुटते. हे रसायनशास्त्र त्या गृहस्थाने पुस्तकात वाचलेले नव्हते. हाताने ओळखले होते.

त्याने आतून तीन-चार ठिकाणी डाग देऊन चीर तात्पुरती धरून दिली, भंगारातल्या एका बंपरची पट्टी कापून हाती ठेवली आणि उरलेले काम घरी कसे करावे, ते सांगितले. मजुरी व पट्टी मिळून दीडशे रुपये घेतले. वर म्हणाला, "घाई करू नका काका. धूर निघाला की समजा, प्लास्टिक जळतंय, वितळत न्हाई."

त्याच्या पालाशी उभे असताना मला म्हसवडच्याच एका प्रसंगाची आठवण झाली. माणदेशी महिला सहकारी बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी तो जाहीर भाषणांतून सांगितला आहे. लोहारकाम व वेल्डिंग करून रस्त्याकडेला राहणारी एक बाई बचत खाते उघडण्यासाठी बँकेत गेली. तिला पैसे साठवून प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, पावसात पोराबाळांच्या डोक्यावर धरण्यासाठी. रक्कम फार लहान म्हणून तिला परत पाठवण्यात आले. त्यातून महिलांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही, हे कारण. या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येते. कोणत्याही रकमेवरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय सांगावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1997 साली परवाना मिळाला. याच परिवाराने 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांसाठी मोठी चारा छावणीही चालवली. जीवदयेला मानणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट आवर्जून जाणून घ्यावी.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या कथेतील एक गोष्ट विशेष भावते. जिच्या हाताला तुटलेले सांधण्याची विद्या होती, तिची पत कागदावर शून्य होती. आपल्या पूर्वजांनी गावोगावी उधारीवर व्यापार केला, तो कागद पाहून नव्हे, माणसाचा हात आणि शब्द पाहून.

शिंगणापूर करून आम्ही दहिगावला पोहोचलो. दर्शन शांतपणे झाले, आणि दोन दिवसांनी सांगलीस परतल्यावर मी काम हाती घेतले. ज्यांना करून पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी क्रम देतो.

प्रथम बंपर साबणाने आतून-बाहेरून धुऊन पूर्ण वाळवावा. तेलाचा अंश राहिला तर जोड धरत नाही. चीर जेथे संपते तेथे तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. त्यामुळे ताण एका टोकावर न राहता गोलाईत विभागला जातो आणि चीर पुढे सरकत नाही. मग दोन्ही कडा तंतोतंत जुळवून बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. साठ वॅटच्या सोल्डरिंग मशीनने आतून दोन-दोन इंचांवर डाग द्यावेत. त्यानंतर स्टीलची बारीक जाळी चिरेवर ठेवून तापल्या टोकाने हळूहळू आत दाबावी आणि त्यावर बंपरच्याच पट्टीचा वितळलेला थर द्यावा. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळई जे काम करते, ते येथे जाळी करते. खरी ताकद आतून येते. बाहेरचा भाग केवळ दिसण्यासाठी.

नंतर पट्टी काढून बाहेरून चिरेवर अर्ध्या जाडीपर्यंत तिरपी खाच करावी आणि तीही त्याच प्लास्टिकने भरावी. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 ते 165 अंश सेल्सिअसला वितळते. मशीन त्याहून कितीतरी अधिक तापते, म्हणून टोक एका जागी रेंगाळू देऊ नये. पाणी ओतून थंड करू नये. आपोआप निवू द्यावे. काम उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून करावे.

झटपट चिकटणारा गोंद किंवा दोन पुड्या मळून लावायची लांबी येथे उपयोगाची नाही. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा. त्यावर काहीच सहज धरत नाही. याच कारणाने रंगापूर्वी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर आवश्यक असतो. पॉलिशपेपर 80 नंबरपासून 180, 320 असा चढत्या क्रमाने फिरवावा, लवचीक लांबीचा पातळ हात द्यावा, प्रायमर, गाडीच्या रंगक्रमांकाचा फवारा आणि शेवटी पारदर्शक थर. मला दोन दुपारी लागल्या.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर. गॅरेजचा अंदाज नऊ हजारांचा होता : बंपर साडेचार हजार, रंग व मजुरी साडेचार हजार. साध्या सर्वंकष विम्यात प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे सव्वादोन हजार गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला एक हजार रुपये स्वतः सोसावे लागतात. रंगाच्या साहित्यावरही घसारा आहे. हाती येतात सव्वापाच ते साडेपाच हजार.

यानंतरचा खर्च पावतीवर दिसत नाही. पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि मग 20, 25, 35, 45 अशी पायरीपायरीने चढत पुन्हा 50 होते. म्हणजे पाच नूतनीकरणांत अनुक्रमे 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के गमावले. बेरीज 125 टक्के. सूट धरण्यापूर्वीचा माझा हा हप्ता चार हजार. त्याचे 125 टक्के पाच हजार. म्हणजे विम्याचा निव्वळ लाभ तीन-पाचशे रुपयांचा! घसारामुक्त पुरवणी घेतलेल्यांचे गणित थोडे निराळे असेल. पण सूट गमावण्याचा भाग त्यांनीही तपासावा.

माझा खर्च असा : सोल्डरिंग मशीन 350, जाळी 60, पॉलिशपेपर 60, प्रायमर-रंगाचे सामान 480 आणि म्हसवडचे 150. एकूण 1,100 रुपये. मशीन तर पुढेही उपयोगी पडेल. वाणिज्याच्या भाषेत तो भांडवली खर्च.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. काटकसर सुरक्षिततेच्या आड येऊ नये. आतील लोखंडी पट्टी वाकली असेल, बंपरमागील धक्का शोषणारा भाग चुरला असेल, एअरबॅगचा सेन्सर किंवा दिव्याची बैठक हलली असेल, तर गाडी निमूटपणे गॅरेजला न्यावी. बंपर धरून ठेवणारे खटके तुटले असतील तर तेही बदलावेत. तेथे डाग टिकत नाही. ज्या भागावर जीव अवलंबून आहे, तेथे पैसा मोजावा. जो भाग केवळ आवरण आहे, तेथे हात वापरावा.

माणदेशातही आज बदल होत आहे. 2018 सालच्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातील टाकेवाडीने श्रमदानाच्या बळावर राज्यात पहिला क्रमांक मिळवला. मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. उरमोडीच्या कालव्याने काही शिवारे हिरवी दिसू लागली आहेत. दहिगावच्या यात्रेस निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एकदा तरी या रस्त्याने जावे, म्हसवडला उतरावे, अस्सल घोंगडी घ्यावी, तलावाच्या बांधावर उभे राहावे.

पावसाळा उलटून गेला; जोड पक्का आहे. उन्हात तिरपे पाहिले तर रंगात एक फिकट रेघ दिसते, एवढेच. दिवाळीत चिरंजीव आले तेव्हा त्यांनी गुडघ्यावर बसून ती रेघ बोटाने चाचपली, आतून जाळी पाहिली आणि जाताना सोल्डरिंग मशीन पुण्याला नेले. त्यांच्या शेजाऱ्याच्या गाडीचा मागचा बंपर फाटला आहे म्हणे.