नवा टाइम

 

2025 च्या मार्चमध्ये मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन वाजवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी काटा परत मागे आणतात. त्या वर्षी तो रविवार 9 मार्चला होता. लेक आधीपासून बजावत होती, "आई, तीन-चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोप, लवकर ऊठ. जड जाणार नाही." मी हसण्यावारी नेलं. पंधरा रेखांशांना एक तास, हे मुलांना शिकवण्यात जन्म गेला. विमानातून उतरून साडेदहा तासांचा फरक पचवला, तिथे एका तासाचं काय कौतुक!

रविवारी रात्री साडेआठला नेहमीसारखा ताईला साताऱ्याला फोन लावला. ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आमचा नेम ठरलेला. तिकडे सकाळचे सात, तिचा चहा झालेला. इकडे माझं जेवण झालेलं. फोन बराच वेळ वाजला आणि मग तिचा घाबरलेला आवाज आला, "कोण गेलं गं?"

तिकडे सहाच वाजले होते. अवेळी फोन म्हणजे वाईट बातमी, हे आमच्या पिढीच्या हाडात बसलेलं. अंधारात भिंत धरत ती फोनपर्यंत आली होती. पडली असती म्हणजे? त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

पुढचे दोन-तीन दिवस वाईटच गेले. सकाळी सातला बाहेर अंधार, डोकं जड, बाराला पानावर बसावं तर भूक नाही. मग मुकाट्याने लेकीचं ऐकलं. तिने नीट समजावलं. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर ते लागतं. बहुतेकांचं ते चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं सोपं आणि लवकर उठणं अवघड. सकाळचा उजेड त्याला पुढे ढकलतो. म्हणून ऊन आलं की स्वेटरवर कोट, कानटोपी असा अवतार करून अर्धा तास फिरायला जाऊ लागले. दुपारची झोप गजर लावून वीस मिनिटांवर आणली. तीननंतरचा चहा बंद केला. हे सगळ्यात कठीण. (अमेरिकेने 1974 च्या जानेवारीत हा पुढचा टाइम वर्षभर चालवायचा घाट घातला होता. पोरं काळोखात शाळेत जाऊ लागल्यावर लोक वैतागले, आणि त्याच वर्षी तो सोडून दिला. मला तरी त्या लोकांचं पटतं.)

गंमत पुढेच आहे. ताईचे सात म्हणजे आता माझे साडेनऊ. पहिले काही दिवस साडेनऊला मी अगदी टवटवीत असायचे, कारण शरीराच्या हिशेबाने साडेआठच वाजलेले. म्हणजे ते अजून ताईच्याच घड्याळावर चालत होतं! जसजसं ते इकडच्या वेळेला रुळलं, तसतशा फोनवर जांभया येऊ लागल्या. लेक म्हणाली, "सकाळी साडेसातला कर ना, तिकडे संध्याकाळचे पाच असतात." पण संध्याकाळी ताई थकलेली असते, नावं विसरते, एकच गोष्ट चारदा विचारते. सकाळी सातची ताई म्हणजे माझी जुनी ताई. ती वेळ मी सोडणार नाही. दुपारची वीस मिनिटं पुन्हा चाळीस केली. शास्त्र काय म्हणायचं ते म्हणो.

एकदा तिला हा सगळा प्रकार समजावून सांगत होते. मला वाटलं, डोक्यावरून जाईल. तर म्हणते, "त्यात काय? लढाईत आपल्याकडेही केलं होतं." खरंच आहे ते. 1942 ते 1945 आपल्याकडे घड्याळं तासभर पुढे होती; तेव्हा ताई शाळेत जायला लागली होती, मी जन्मायची होते.

"अण्णा नव्या टाइमाने शाळेत पिटाळायचे," ताई सांगत होती, "आणि आजी जेवायला वाढायची ती जुन्या टाइमाने."

"मग तू उपाशी जायचीस?"

"छे गं! आई नव्या टाइमाने वाढायची ना. मी दोन्ही टाइमांना जेवायचे."

आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली.